जाड तारेची जवारी

नांदेडहून निघालेली एसटी अहमदपूरला चहासाठी थांबली, तेव्हा सौदामिनीबाई खाली उतरल्या नाहीत. अनंतरावांनी खालून खिडकीशी चहाचा कप धरला. तो त्यांनी घेतला नाही. उन्हाळ्यात स्टँडवरचा चहा घेऊ नये असे त्यांचे मत होते, आणि त्यांचे मत एकदा झाले की ऋतू बदलला तरी बदलत नसे.

"रंग कोणता आहे?" त्यांनी विचारले.

"कशाचा, आई?"

"ज्याच्यापायी मला या वैशाखात घराबाहेर काढलंस, त्याचा."

"सायीसारखा. जरा पिवळट."

"नवं की जुनं?"

"नवं आहे." अनंतराव कपाकडे पाहत म्हणाले, "दिसायला जुनं आहे."

सौदामिनीबाईंनी तोंड फिरवले. बावन्न वर्षांचा हा थोरला मुलगा विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रयोगशाळा सांभाळत होता, पण आईसमोर उभा राहिला की छत्री हरवून आलेल्या शाळकरी मुलासारखा दिसे. या खेपेला तर त्याने हरवण्याऐवजी आणले होते. त्याची मुलगी मालविका अकरावीपासून लातूरला धाकट्या भावाकडे, राघवेंद्रकडे, शिकायला राहिलेली. तिला भेटायला गेलेला हा गृहस्थ बाजारात गेला आणि कोणाला न विचारता तिला विजेची गिटार घेऊन देऊन नांदेडला परतला. गुरुवारी राघवेंद्रचा फोन आला.

"आई, घर माझं, पोरीचा जिम्मा माझा, आणि दादा परस्पर हे करून राहिला. बारावीचं वर्ष आहे. दुकानदारानं आठ दिवसांची मुदत दिली आहे. रविवारी संपते. तू ये आणि फैसला कर. तू जे म्हणशील ते मला कबूल."

फैसला त्यांनीच करावा याला कारण होते. सौदामिनीबाईंनी नांदेडच्या मुलींच्या शाळेत चाळीस वर्षे गायन शिकवले होते. त्यांच्या कानांवरून गेल्याशिवाय या कुटुंबात कोणतेही वाद्य राहत नसे. नातेवाइकांनी, शिष्यांनी, शेजाऱ्यांनी घेतलेला तानपुरा आधी त्यांच्यासमोर येई. त्या ऐकत आणि एकच शब्द बोलत: खरा, किंवा खोटा. राघवेंद्रच्या लग्नात आहेर म्हणून आलेली पेटी त्यांनी मांडवातूनच परत पाठवली होती, आणि तो आहेर नवरीच्या सख्ख्या मामाचा होता. ज्या बाईने पेटीला उंबरा ओलांडू दिला नाही ती विजेच्या गिटारीला काय म्हणेल, याविषयी राघवेंद्रच्या मनात शंका नव्हती. अनंतरावांच्या मनातही नव्हती. म्हणूनच ते अहमदपूरपासून लातूरपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

राघवेंद्रचे घर एकमजली होते. मागच्या दहा वर्षांत लातुरात क्लास काढणाऱ्या प्रत्येकाने घरावर मजले चढवले. राघवेंद्रने अंगणात पत्र्याची शेड टाकली आणि तिथे तो फिजिक्स शिकवी. घरात भिंतीला एकही खिळा नव्हता. घड्याळ टेबलावर, देवांची तसबीर पाटावर, कपडे ट्रंकेत. डोक्याच्या वर काही ठेवायचे नाही, हा त्याचा नियम. नवी नवरी असताना त्याच्या बायकोने, मनस्विनीने, त्याची थट्टा केली होती. नंतर केली नाही.

आई आली तेव्हा रविवारची चाचणी संपून मुले सायकली काढत होती. राघवेंद्रने हातातले पेपर बाजूला ठेवले आणि वाकून नमस्कार केला.

"वाळलास," सौदामिनीबाई म्हणाल्या.

"चार बॅचेस आहेत, आई. पोरं वाढून राहिलीत. जालना, बीड, पार परभणीहून येतात."

"मी तुझ्याविषयी बोलते आहे. पोरांविषयी नव्हे."

मालविका दारात उभी होती. सतरा वर्षांची, वेणी घट्ट, बोटांची टोके मात्र लाल. आजीने नमस्कारासाठी वाकलेल्या नातीचा डावा हात धरला आणि बोटे उलटी करून पाहिली. घट्टे पडायला सुरुवात झाली होती. 

जेवणे झाली. कामवाल्या सरजाबाईने ताटे उचलली. मग सौदामिनीबाई सतरंजीवर भिंतीपासून दूर, पाठ ताठ ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, "आता ऐका. वाद्य खोटं ठरलं तर आज संध्याकाळी ते दुकानात परत जाईल, आणि बारावीची परीक्षा होईपर्यंत मालविकेनं वाद्याचं नाव काढायचं नाही. खरं ठरलं तर राहील, आणि राघव, त्यानंतर तू तोंड उघडायचं नाहीस. कबूल?"

"कबूल," राघवेंद्र तत्काळ म्हणाला.

"अनंता?"

"कबूल."

"मालविका?"

मालविकेने मान हलवली. तिला 'नाही' म्हणायची सोय आहे, असे कोणी सुचवलेही नव्हते.

ती आतून गिटार घेऊन आली. दुधावरच्या सायीच्या रंगाची, एका बाजूला शिंगासारखा बाक असलेली, मधाच्या रंगाची लांब दांडी. मागून सरजाबाई ओल्या हातांनी डोकावली.

"अगं बया! हे तर कापडं बडवायचं धोपटणं दिसून राहिलं. अन् त्याला बी वीज लागती?"

"सरजाबाई, भांडी," मनस्विनी म्हणाली. पण तिलाही हसू आवरले नाही.

"मांडीवर कसं घ्यायचं दाखवू का, आजी?"

"वाद्य बघायला मी आले आहे. आण इकडे."

त्यांनी ती आडवी मांडीवर घेतली, आणि खोलीतले हसणे थांबले. हे वाद्य कसे धरावे हे माहीत नसतानाही ते त्यांच्या हातात अवघडले नव्हते. बोटाच्या पेराने त्यांनी अंगावर ठोकून पाहिले.

"आत पोकळ नाही?"

"नाही. सगळं भरीव लाकूड."

"भोपळा नाही, पोट नाही. मग नाद राहतो कुठं?"

मालविका बोलणार तोच राघवेंद्र पुढे सरकला. "हे बघ, आई, तारांच्या खाली चुंबक आहेत. त्यांच्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेची गुंडाळी. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं, आणि ते बदललं की गुंडाळीत वीज तयार होते. तार जशी हलते तशीच वीज हलते. तीच पुढे स्पीकरला दिली की..." त्याचे दोन्ही हात हवेत वर्तुळे काढत होते. "फार सुंदर उदाहरण आहे हे. दरवर्षी यावर प्रश्न..."

तो थांबला. सगळे त्याच्याकडे पाहत होते.

"तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं?" मनस्विनीने विचारले.

"विषयाच्या," राघवेंद्र पुटपुटला आणि मागे सरकून बसला.

सौदामिनीबाईंनी दांडीवरून अंगठा फिरवला. "हा पिवळेपणा मुद्दाम दिला आहे?"

"हो, आजी. अशा गिटारी पहिल्यांदा निघाल्या त्याला साठ वर्षं झाली. तेव्हाच्या गिटारींचं पॉलिश जुनं होऊन अशा रंगाचं झालं. त्या आता लाखांत जातात. ही त्याच घाटाची आहे, नऊ हजारांत."

"म्हणजे वय होण्याआधीच पिकवलेले केस."

"लोक उलट करतात, आई," अनंतराव धीर करून म्हणाले. "पिकलेले काळे करतात."

"तू करतोस. लोकांवर कशाला ढकलतोस?"

अनंतरावांचा हात नकळत डोक्याकडे गेला. मालविकेने ओठ दाबले.

"आव आणणारी वस्तू मला आवडत नाही," सौदामिनीबाई पुढे म्हणाल्या, "पण घाटाला मी नावं ठेवणार नाही. हे बघा, कोपर टेकतं तिथं लाकूड उतरतं केलं आहे. पोटाला लागतं तिथं मागून कोरलं आहे. ज्यानं पहिल्यांदा हे केलं त्यानं वाजवणाऱ्याकडे बघून केलं. याला नक्कल जमली आहे, आणि चांगल्याची नक्कल ही वाईटाच्या नवलाईपेक्षा बरी." त्यांचा अंगठा दांडीच्या कडेवर अडला. "इथं मात्र पडद्यांची टोकं बोचतात."

"लाकूड सुकलं आहे, आजी. लातूरची हवा."

"हवा नव्हे. स्वस्त वस्तूवर कारागिराचा शेवटचा हात फिरलेला नसतो. तो हात महाग असतो."

राघवेंद्रने भावाकडे पाहिले. अनंतराव सतरंजीचा दोरा उसवत होते.

खुंट्या त्यांनी एकेक पिळून पाहिल्या, तार बोटाने ओढली, सोडली, पुन्हा ऐकली. सूर उतरला नाही. "धरतात," त्या म्हणाल्या. तारेच्या बरोबर मध्यावर बोटाचा नुसता स्पर्श ठेवून त्यांनी वरचा षड्ज काढला, मग तिथल्याच पडद्यावर तार दाबून पुन्हा छेडली. दोन्ही सूर एकमेकांत बसले. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. तार कुठेही ताणली तरी तिचा मध्य मध्यच असतो.

मग त्यांनी मालविकेला दोन तारा एकदम दाबायला लावल्या आणि भुवया आक्रसल्या.

"गंधार चढा आहे."

"पेटीसारखा!" राघवेंद्र म्हणाला. "आई, तू पेटी याच गंधारासाठी परत केली होतीस."

"केली होती."

"मग हे खोटंच झालं."

"पेटी गळ्याच्या साथीला बसते, राघव, आणि गळ्याला बिघडवते. हे कोणाच्या गळ्याशेजारी बसणार आहे? चढा गंधार हा यांच्या सगळ्या कुळाचा दोष आहे. कुळाच्या दोषासाठी एकट्याला फाशी देत नाहीत. गप्प बस."

मनस्विनी इतका वेळ दाराला टेकून होती. ती आता सतरंजीवर येऊन मालविकेशेजारी बसली. या घरात बाजू बदलल्याचे कोणी बोलून दाखवत नसे. जागा बदलली की कळे.

राहिली ती सर्वांत जाड तार. सौदामिनीबाईंनी ती मोकळी छेडली.

खर्जातला सूर उठला आणि त्याच्याभोवती दुसरे काही तरी उठले: बारीक, झिणझिणणारे, सूर विरत गेला तरी मागे रेंगाळणारे. सौदामिनीबाईंचा हात थांबला. त्यांनी ती तार पुन्हा छेडली, आणि आता त्यांचे डोळे मिटले.

तानपुऱ्याच्या घोडीचा उतार अगदी नेमका घासला, तिच्यावर दोरा नेमक्या जागी बसवला, की तार घोडीला लागत लागत कंपते आणि सूर एकटा न राहता फुलतो. त्याला जवारी म्हणतात. ती साधण्यासाठी कारागीर दिवसच्या दिवस घालवतो. ती बिघडली की मोठा तानपुरा नुसते लाकूड होतो. मिरजेहून जवारी काढणारा माणूस वर्षातून एकदा नांदेडला येई तेव्हा सौदामिनीबाई त्याला आपल्या हाताने वाढत. चार वर्षे झाली, तो येईनासा झाला. त्यांचा तानपुरा तेव्हापासून मुका नव्हता, पण नुसता बोलत होता, गात नव्हता. त्यांनी हे कोणाला सांगितले नव्हते.

त्या जाड तारेवर त्यांनी षड्ज लावला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आवाज, काठाला कापरा, मध्ये अढळ. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"जवारी आहे याला," डोळे उघडून त्या म्हणाल्या. "चुंबक असो, वीज असो. खरं आहे हे वाद्य. राहील."

अनंतरावांनी चष्मा काढून पुसला. राघवेंद्रने ओठ घट्ट मिटले; त्याने शब्द दिला होता. मनस्विनीने मालविकेचा गुडघा दाबला.

"नांदेडला गेले की माझ्या शाळेतल्या जुन्या मुलींना सांगणार आहे," सौदामिनीबाई बोलत होत्या. अशा मोकळेपणाने त्या सहसा बोलत नसत. "अजून सहा जणी येतात सकाळी. त्यांना सांगेन, आपण उगाच नाक मुरडतो. नऊ हजारांच्या गिटारीला अशी जवारी असते, ती मी या कानांनी ऐकली. एकदा सगळ्यांसमोर वाजवून दाखव मालविका, सुट्टीत आलीस की."

मालविका खाली पाहत राहिली.

तिसऱ्याच दिवशी तिला कळले होते. ती जवारी नव्हती. दांडी सुकून सरळ झाली होती, तार खाली बसली होती, आणि छेडली की पुढच्या पडद्यांना घासत होती. तानपुऱ्यात ज्याच्यासाठी कारागीर झिजतो तेच गिटारीत वैगुण्य असते. उपायही तिला ठाऊक होता. गिटारीबरोबर मिळालेली छोटी किल्ली, घोडीवरचे दोन बारीक स्क्रू, दोन मिनिटांचे काम. पण दुकानदाराने बजावले होते की एक स्क्रू जरी फिरवलेला दिसला तर वस्तू परत घेणार नाही, आणि काकाने आजीला बोलावले होते. म्हणून तिने हात लावला नव्हता.

आता गप्प राहिले की झाले. गिटार तिची होती. जूनपासून ती काकाच्या शेडमध्ये तिसऱ्या बाकावर बसे. दर सोमवारी फळ्यावर नावे लागत, तिचे कधी अकरावे, कधी एकोणतिसावे. काका तिला इतर मुलांसारखेच वागवी आणि घरी जेवतानाही तसेच वागवी. संध्याकाळी साडेसहा ते सात ही गिटार तिच्या मांडीवर असे. त्या अर्ध्या तासात तिला कोणी क्रमांक देत नसे. ती चुकत असे, पुन्हा वाजवत असे, पुन्हा चुकत असे, आणि त्याचे काही होत नसे. एवढेच तिला हवे होते. ते आत्ताच तिला मिळाले होते.

आणि आजी नांदेडला जाऊन सहा बायकांना सांगणार होती. त्यांतल्या एकीचा मुलगा, एकीची नात, कोणी तरी गिटार वाजवणारे असणारच. ते हसतील. आजीच्या समोर नाही; मागे.

"आजी," ती म्हणाली, "ती जवारी नाही."

"काय म्हणालीस?"

"तार पडद्यांना घासते आहे. तो दोष आहे. जवारी नाही ती."

अनंतरावांच्या तोंडून "मालू..." एवढेच निघाले.

सौदामिनीबाईंचा चेहरा हलला नाही. चाळीस वर्षांत त्यांच्या निकालाला कोणी चूक म्हटले नव्हते. एका मंत्र्याच्या बायकोची सतार त्यांनी खोटी ठरवली तेव्हाही नाही. "सिद्ध कर," त्या म्हणाल्या.

मालविकेने गिटार घेतली. जाड तार मोकळी छेडली: झिणझिण. पहिल्या पडद्यावर दाबली: झिणझिण. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. पाचव्यापासून ती कमी झाली आणि सातव्यावर स्वच्छ सूर निघाला. त्यापुढे प्रत्येक सूर स्वच्छ होता. शेजारच्या पाच तारांवर तर तो आवाज कुठेच नव्हता.

"जवारी असती तर सगळ्या सुरांना असती, आजी. तूच शिकवलंस."

ते खरे होते. मालविका सात वर्षांची असताना एका दुपारी त्यांनीच शिकवले होते. सौदामिनीबाईंना आपले ऐकणे नव्हे, आपली इच्छा चुकली हे कळले. आणि ते अधिक लागले. चार वर्षे त्यांचे कान ज्या आवाजासाठी भुकेले होते तो कुठूनही आला असता तरी त्यांनी त्याला ओळख दिली असती.

"म्हणजे खोट आहे," राघवेंद्र म्हणाला. तो आनंदाने बोलला नाही, पण बोलला. "आई, आता तुझाच शब्द..."

"माझ्या शब्दाची आठवण तू मला करून देऊ नकोस." त्यांचा आवाज चढला नाही. "निकाल मी चुकीचा दिला, तो मागे घेते. तुझ्या क्लासात पेपर तपासताना मास्तर चुकला, तर पोराचा पेपर फाडता का? परीक्षा अजून चालू आहे." त्यांनी त्याच्याकडे पाहिले. "पोरगी स्वतःच्या तोट्याचं खरं बोलली. आता तू बोल."

"मी काय बोलू? बारावीचं वर्ष आहे, अभ्यास..."

"अभ्यास सोडून."

 मग मनस्विनी हळू म्हणाली, "अहो, बुधवारचं सांगा."

"त्याचा काही संबंध नाही."

"त्याचाच आहे. सांगा, नाहीतर मी सांगते."

बाहेर शेवटचा ऑटो मुले भरून निघून गेला. राघवेंद्र हाताच्या तळव्याकडे पाहत बोलू लागला.

"बुधवारी हिनं तो छोटा स्पीकर जोडला. मी शेडमध्ये शिकवत होतो. हिनं ही जाड तार वाजवली असेल. आवाज मोठा नव्हता. पण आत मांडणीवर वाट्या वाजल्या." त्याने तळवा मिटला. "किल्लारीच्या वेळी पण आधी वाट्याच वाजल्या होत्या, आई. जमीन नंतर हलली. मी आणि सिद्धेश्वर, दोघं एका खोलीत. तो म्हणाला, मांजर शिरलं वाटतं. तेवढंच म्हणाला."

 औसा तालुक्यातल्या त्या गावी बावीस वर्षांचा राघवेंद्र शाळेत तात्पुरत्या जागेवर लागला होता. दगडमातीच्या त्या खोलीतून त्याला दुपारी काढले. बरोबरच्या मास्तराला, सिद्धेश्वरला, दुसऱ्या दिवशी. एकोणीस वर्षांत त्याने याविषयी आईला एक वाक्य सांगितले नव्हते, आणि तिनेही, विचारले तर तो मोडेल म्हणून, विचारले नव्हते.

"बुधवारी मी रस्त्यावर होतो," राघवेंद्र म्हणाला. "अनवाणी, हातात खडू. तीस पोरं माझ्या मागं बाहेर आली. 'सर, काय झालं?' मी म्हणालो, चप्पल शोधून राहिलो."

मालविकेने तोंडावर हात ठेवला होता. "मला वाटलं तुम्ही खरंच चप्पल... काका, तुम्ही सांगायचं ना. हेडफोन लावता येतो. मग बाहेर काहीच जात नाही. शेजारी बसलेल्यालासुद्धा नुसती तारेची टिकटिक ऐकू येते. वाट्यांना पत्ताही लागणार नाही."

"मग बुधवारी स्पीकर कशाला लावलास?"

 "तुम्ही ऐकावं म्हणून."

 राघवेंद्र उठला, स्वयंपाकघरात गेला, पाणी प्यायला, आणि परत येऊन आधी बसला होता तिथे न बसता भावाशेजारी बसला. अनंतरावांनी सरकून जागा केली.

"ही खोट जाते का?" सौदामिनीबाईंनी विचारले.

"जाते, आजी. घोडीवरचे स्क्रू वर केले की तार उचलली जाते. पण एकदा ते फिरवले की दुकानदार परत घेणार नाही. मग ती इथंच राहणार."

"किल्ली आण."

किल्ली करंगळीएवढीही नव्हती. सौदामिनीबाईंनी ती घेतली आणि राघवेंद्रच्या तळव्यावर ठेवली.

"मी निकाल द्यायला आले होते. पण ही वस्तू माझ्या घरात राहायची नाही, तुझ्या घरात राहायची आहे. नको असेल तर किल्ली परत दे. अनंता आणि तू दोघं मिळून दुकानात जा. कोणी तुला बोल लावणार नाही, मी लावू देणार नाही. हवी असेल तर तूच फिरव."

मालविका काकाकडे पाहत नव्हती. ती गिटारीकडेही पाहत नव्हती. मनस्विनीने तिचा हात धरला होता.

राघवेंद्रने किल्ली बोटांत फिरवली, चष्मा कपाळावर चढवला, घोडीवर वाकला.

"कोणत्या बाजूला?" त्याने विचारले.

 अनंतरावांनीच सांगितले, "उजवीकडे असेल, राघव."

"उजवीकडेच," मालविका म्हणाली. "पाव फेरा. दोन्ही स्क्रू सारखे. नाहीतर तार कलते."

त्याने पाव फेरा फिरवला. तिने खुंटी उतरवून सूर जागेवर आणला आणि तार छेडली. झिणझिण होतीच, थोडी दूर गेल्यासारखी.

"अजून," सौदामिनीबाई म्हणाल्या.

पुन्हा पाव फेरा. आता ती फक्त सुराच्या आरंभी होती.

"अजून."

"गेली की आता, आई," अनंतराव म्हणाले.

"तुझ्या कानाला गेली. अजून."

 राघवेंद्रने अर्धा पाव फेरा दिला. मालविकेने तार छेडली. सौदामिनीबाई डोळे मिटून बसल्या होत्या. तो आवाज आता बाकी कोणालाच ऐकू येत नव्हता. त्यांना येत होता: उंबऱ्यावर थांबलेल्या माणसासारखा, सांगाल तर थांबतो म्हणणारा. त्यांनी एका श्वासाचा वेळ घेतला.

"अजून थोडं," त्या म्हणाल्या. मग, "थांब."

मालविकेने तार छेडली. सूर सरळ निघाला, सरळ गेला आणि संपला. त्याच्या मागे काही उरले नाही. तिने तोच पहिल्या पडद्यावर घेतला, दुसऱ्यावर, पाचव्यावर. सगळे एकसारखे, एकमेकांपासून वेगळे, स्वच्छ. राघवेंद्र वाकलेलाच होता आणि त्याचा कान तारेपासून वीतभर अंतरावर होता.

"कसं वाटतं, आई?" अनंतरावांनी विचारले.

"कोरडं." सौदामिनीबाईंनी डोळे उघडले. "मघाशी होतं ते मला आवडलं होतं. हे आवडत नाही."

मालविकेची बोटे तारेवर थिजली.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "राहू दे."